सोमवारच्या ऑपरेशनआधी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारा शिंपी आणि त्याची सून बसली होती.

"ऑपरेशन हृदयाच्या झडपेचं, मग आधी दात कशाला?"

"हिरडीतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात म्हणे, बाबा."

"एवढा रस्ता त्यांना दाखवतं कोण?"

"हिरडी सुजली की रस्ता मोकळाच. तुमची सुजलीय?"

"छे!"

"मग महिनाभर दोरा उजव्या दातांनीच का तोडताय?"

"हळू बोल! डावी दाढ सापडली तर ऑपरेशन पुढे ढकलतील. सोमवारसाठी कसंबसं मन घट्ट केलंय मी."

"परत घट्ट करू. मी आहे ना."

नर्सने दार उघडलं. "आजोबा, कुठे दुखतंय?"

"दुखत नाही कुठे," म्हणत तो उठला. "पण बघायला डावीकडून सुरुवात करा."