रात्रभर बसू दे

आई : त्या फळीला हात लावू नकोस. ती बसतेय.

मुलगी : बसतेय म्हणजे?

आई : पट्टी बसतेय. तुझे बाबा फळीच्या कच्च्या कडेला इस्त्रीने पट्टी चिकटवायचे आणि रात्रभर तशीच ठेवायचे. फळीबाहेर आलेला भाग सकाळी कापायचा.

मुलगी : आई, बाबांना जाऊन महिना होत आला.

आई : मग चांगली बसली असेल.

मुलगी : चपलांच्या कपाटाच्या दोनच फळ्या राहिल्यात. ही कापायची आणि त्या कोऱ्या फळीला पट्टी लावायची. मी निघायच्या आत दोन्ही उरकू.

आई : तू बॅग भर.

मुलगी : भरलीय. बस संध्याकाळची आहे. तू राहशील ना नीट?

आई : मला काय धाड भरलीय? काका परत गेले, मावशी गेली, आता तू जा. मला कुणी लागत नाही.

मुलगी : बरं. इस्त्री कुठाय?

आई : कपड्यांची की ह्यांची?

मुलगी : दोन आहेत?

आई : एकच होती. माझ्या पांढऱ्या साडीला गोंदाचा डाग पडला, तेव्हापासून दोन आहेत.

मुलगी : खूप बोलली असशील.

आई : एक शब्द बोलले नाही. आठवडाभर. मग नवी इस्त्री आली.

मुलगी : सापडली. वायर किती नीट गुंडाळलीय.

आई : मी गुंडाळलीय. हे गेले त्या रात्री मी कामाच्या पाळीवरून आले तेव्हा ती कोमट होती. हे खुर्चीत. बटण मात्र बंद केलेलं.

मुलगी : हे तू कुणाला सांगितलं नाहीस.

आई : इस्त्रीचं कुणी विचारलं नाही.

(मुलगी इस्त्री फळीवर ठेवते. डोळे पुसते.)

आई : रडायचं असेल तर तिकडे जाऊन रड. मेलामाइनच्या फळीवर डाग राहतात.

मुलगी : राहत नाहीत. म्हणून तर मेलामाइन घेतात.

आई : मग इथेच रड.

मुलगी : नाही रडत. पट्टीचं पाकीट दे, वाचते. इस्त्री मध्यम ठेवा. वाफ नको. पट्टीवरून सावकाश फिरवा, मागोमाग लाकडी ठोकळ्याने दाबा. गार होताच जादा कड कापा.

आई : गार होताच?

मुलगी : हो, असंच छापलंय.

आई : ह्यांचं मत वेगळं होतं. गोंद रात्रीतच धरतो म्हणायचे.

मुलगी : गोंद वितळला, गार झाला, की धरला. त्याला रात्रीचं काय कौतुक?

आई : मला काय विचारतेस? मी नुसती फळी धरायचे.

मुलगी : तू धरायचीस?

आई : मग? फळी हलते, एकट्याने होत नाही. आणि माझी कायमची दुसरी पाळी. मी यायचे तेव्हा हे झोपलेले. सकाळी चहा झाला की म्हणायचे, "चल गं, पट्टी बसली."

मुलगी : पण या टेबलाला शिकंजा आहे की. फळी त्यात आवळली की जराही हलायची नाही.

आई : तो गंजलाय. फिरत नाही. हेच म्हणाले होते.

मुलगी : हा बघ, एका बोटाने फिरतोय. तेल घातलेलं आहे.

आई : बघू.

मुलगी : बघ.

आई : फिरतोय.

मुलगी : आई?

आई : म्हणजे इतकी वर्षं मी फुकट उभी राहिले.

मुलगी : फुकट कसं गं, त्यांना—

आई : भाषण नको. ती पटाशी आण. आणि फळी धर.

मुलगी : शिकंज्यात लावू?

आई : धर म्हटलं ना.

(पटाशीची बारीक करकर.)

मुलगी : तू आधी कधी कापलीयस?

आई : बघितलंय. पटाशी आडवी, फळीला टेकलेली. जोर लावायचा नाही. बोट काढ तिथून.

मुलगी : केवढी सरळ आली.

आई : ह्यांची वाकडी यायची. हात कमी, तोंड जास्त चालायचं.

मुलगी : काय बोलायचे?

आई : काही नाही. शेजारच्या कुत्र्याचं. पाण्याच्या मोटारीचं. मग विचारायचे, पोरीचा फोन आला का.

मुलगी : मी रविवारी करायचे.

आई : हे रोज विचारायचे. चल, ती कोरी फळी घे. इस्त्री मी फिरवते, तू ठोकळ्याने दाब.

मुलगी : हळू. पट्टी सरकतेय.

आई : सरकू दे, दोन्हीकडून जादा आहे. दाब. अजून दाब. ताकद कुठे गेली तुझी? शहरात जेवतेस की नाही?

मुलगी : जेवते. संपली बघ पट्टी.

आई : बटण बंद कर.

मुलगी : केलं. हात लाव, गार झालीसुद्धा. कापून टाकू? माझ्या बसला अजून वेळ आहे.

आई : नको. रात्रभर बसू दे.

मुलगी : आई, पाकिटावर छापलंय—

आई : ऐकलं मी.

मुलगी : मग सकाळी फळी कोण धरणार?

आई : तेच म्हणते मी.