डॅडींच्या नावावर पाच रात्री

नाही नाही, आंटी, नाव बरोबरच लिहिलंय मी — वॉलेस नाकोआ, माझे डॅडी. आमच्या घरी सगळ्यांनाच किनाऱ्यावर तंबू टाकायची हौस! माझ्या नावावरचे या वर्षीचे दिवस संपले, भावाच्या नावावरचेही संपले — भाऊ लास वेगासला असतो, ते जाऊ दे — म्हणून म्हटलं, आता परवाना डॅडींच्या नावावर घेऊ. पाच रात्री. तीच जागा, सुरूच्या झाडाखालची, नळाजवळची. खिडकीशी स्वतः का नाही आले? अहो, गाडीत बसलेत. गुडघे दुखतात. सकाळी जाळं टाकायला गेले होते ना. ओळखपत्र दिलंय की मी! बघा, फोटोत कसा फुलाफुलांचा शर्ट घालून बसलेत, लग्नाला निघाल्यासारखे. फार जीव त्या शर्टावर, म्हणून तर आम्ही त्यांना शेवटी त्यातच —

शर्ट जुना झाला, असं म्हणत होते मी.

केस ओले आहेत का माझे? पोहून आले आत्ताच. शाम्पूचा वास येतोय, हो — घरचा नळ बिघडलाय, म्हणून पार्कातल्या नळाखालीच. पत्ता? तोच लिहा, टेकडीवरचा. आता कॅलिफोर्नियाची माणसं राहतात तिथे — म्हणजे आम्हीच राहतो. राहायचो. काय बडबडतेय मी! आंटी, आज मंगळवार. दुपारी बारानंतर तंबूवर परवान्याची नवी चिठ्ठी दिसली नाही, तर पार्कचा माणूस तंबू उचलून नेतो, आणि माझी लेक, माहिना, शाळेच्या तीनच्या बसने उतरते. वळणावरून निळा तंबू दिसला की धावतच सुटते. आम्ही सुट्टीवर आहोत म्हणून सांगते शाळेत. ऑक्टोबरपासून सुट्टीवर! मीच शिकवलंय तिला तसं. लाज वाटते हो मला, पोरीला खोटं शिकवायची.

असं काय बघताय? तुमच्या छातीवरची ती पाटी — पुआनानी? अहो, पुआनानी कोण, पुआनानी कोण, म्हणून मी दोन वर्षं विचारतेय सगळ्यांना! डॅडींना पोचवलं त्या दिवशी कुणीतरी बटाट्याचं सॅलड आणलं होतं, हे एवढं मोठं भांडं, तळाला चिकटपट्टीवर नाव — तुम्ही? तुम्ही होतात तिथे? म्हणजे मघापासून... ते जाळं, ते गुडघे, सगळं ऐकून घेतलंत तुम्ही?

भांडं आहे माझ्याकडे. परत द्यायचं राहून गेलं. आता काय लपवायचं — माहिनाचे पाय धुते त्यात, तंबूत वाळू येऊ नये म्हणून. घासून आणून देईन. दोनदा घासेन.

शिक्का — मारलात? त्यांच्याच नावावर? अहो आंटी, ओरडा तरी माझ्यावर.

नका हो असं बघू. मागे लोक खोळंबलेत. बोलवा पुढच्याला.