तेलात भिजलेला कोपरा

मुकादम : ...आणि आमच्या मास्तरला झोपू द्यायचं नाही, मावशी. दुसरं काही करू नका, नुसतं बोलत राहा. चर कोसळून खाली अडकलाय, डोक्याला मार लागलाय, डॉक्टर बजावून गेलेत. खाली डोळा लागला, तर उठवायला कोण जाणार?

आई : मास्तर म्हणे! फळ्यावर चार ओळी खरडतो म्हणून मास्तर झाला होय तुमचा? आणि ते एवढं धूड पिवळं यंत्र उभं आहे, ते का नाही लावत?

मुकादम : त्याच्या हादऱ्याने उरलेला चरही ढासळेल. माती घमेल्यानेच काढावी लागणार. तुम्ही ह्या पाइपाला तोंड लावून बोला, मग कान लावा. हवापण ह्यातूनच जातेय त्याला, हाताने बुजवू नका.

आई : मला नका शिकवू. जन्मभर फुंकणीला तोंड लावलंय मी. तुम्ही माती काढा. ...अरे ए! ऐकू येतंय का?

मास्तर : आई? तू कशाला आलीस इथे?

आई : कशाला म्हणजे? सकाळी तोंड फुगवून निघून आलास. म्हटलं, राहिलेलं भांडण पुरं करून यावं.

मास्तर : तू आजचा पेपर डब्याला गुंडाळलास.

आई : मग काय माझं लुगडं फाडून गुंडाळू? पेपरच होता, सोन्याचा पत्रा नव्हता!

मास्तर : वाचला नव्हता मी. दिनविशेष उतरवून घ्यायचा राहिला. फळा कोरा राहिला आज. पोरं कामावर येताना वाचतात ना, आजच्या दिवशी काय काय झालं ते. म्हणून मग चिडून आधीच खाली उतरलो. नाहीतर फळ्यापाशीच असतो त्या वेळी.

(आई पाइपाच्या तोंडावरची माती पदराने पुसते.)

मास्तर : आई?

आई : आहे. कुठे जातेय? तुला कुठे कुठे लागलंय?

मास्तर : डोकं. आणि डावा पाय मातीत आहे. आहे की नाही, कळत नाही. दुखत नाही आता. झोप येतेय गं.

आई : झोप येतेय! कामाच्या वेळी झोप! शाळेतही हेच केलंस, म्हणून तर घमेलं उचलतोयस. हे बघ, तुझा डबा वरच राहिलाय, पेपरासकट. सोडते मी. वाचते.

मास्तर : तू वाचणार?

आई : का? दुसरी पास आहे मी. तिसरीही अर्धी झाली होती.

मुकादम : मावशी, द्या इकडे, मी वाचतो भराभर.

आई : भराभर कोणाला पाहिजे? इथे वेळच काढायचाय ना? तुमचा हात चालवा, तोंड माझं चालू दे. ...हां. बा-रा ए-प्रिल. घट-ना. एकोणीसशे पंचा... पंचावन्न. पोलिओ-ची लस गुण-कारी अस-ल्याचं जाहीर.

मास्तर : हो. आहे ती.

आई : आहे म्हणजे? तुला डोस पाजायला नेलं होतं, तर डॉक्टरच्या बोटाला चावलास. रक्त आलं बिचाऱ्याच्या. ते नाही छापलं इथे कोणी.

मास्तर : हसवू नकोस. छातीत कळ येते.

आई : कळ येतेय ना? मग जागा आहेस. पुढे. एकोणीसशे एक्याऐंशी. अव-काश-यान... को-लं... कोलंबिया उडालं. मेलं नावही कसलं... बरं ते राहू दे. ऐकतोयस का?

मास्तर : ऐकतोय. तू आज मला एकदाही तो शब्द म्हणाली नाहीस.

आई : कोणता?

मास्तर : मेल्या. उठल्यापासून झोपेपर्यंत म्हणतेस. आत्ता यानाला म्हणालीस, मला नाही.

आई : जीभ काय माझ्या धाकात आहे? नाही आला तोंडात. जन्म! जन्म वाचते. एक गाणारी बाई जन्मली. तिचं नाव घ्यायला जीभ भाड्याने आणावी लागेल, ते सोड. एक लेखक आहे. दोन-तीन आणखी आहेत. झालं.

मास्तर : झालं नाही. आता मृत्यू.

आई : काय?

मास्तर : घटना, जन्म, मृत्यू. हाच क्रम असतो. रोज लिहितो मी. मृत्यू वाच.

आई : ते नाही दिसत. तेल गळलंय त्याच्यावर. सगळी शाई पसरलीय.

मास्तर : तुझ्या डब्यातून? तेल?

आई : हो.

मास्तर : उभ्या जन्मात गळलं नाही कधी. अख्ख्या गल्लीला ऐकवतेस, माझ्या हातचा डबा उलटा धरा, थेंब पडला तर नाव बदलीन.

आई : आज गळलं. झाकण नीट बसवलं नाही मी. हात घाईत होता, डोकं भांडणात होतं. चुकले. ऐकलंत ना सगळ्यांनी? चुकले म्हणते मी!

मुकादम : मावशी, पण पेपर तर ठणठणीत को...

आई : तुम्हाला माती काढायला ठेवलंय की माझा पेपर वाचायला?

मुकादम : काढतोय, काढतोय. चराला टेकू दिलेल्या दोन फळ्या दिसायला लागल्यात. त्यांच्या पलीकडेच असणार तो. बोलत राहा, मावशी, आवाज बारीक होतोय त्याचा.

मास्तर : आई... त्या मृत्यूच्या रकान्यात... एखादी ओळ रिकामी असेल.

आई : नाही. खच्चून भरलंय. राजे, मंत्री, मोठमोठे लोक धक्काबुक्की करून बसलेत. घमेलंवाल्याला तिथे उभं राहायलाही जागा नाही.

मास्तर : दिसत नाही म्हणालीस ना...

आई : वास येतो मला! ...बोल की पुढे. अरे, बोल.

(पाइपातून उत्तर येत नाही. फावड्यांचे आवाज.)

आई : ए बाळा. अरे, हाक मारतेय मी. उद्यापासून पेपर आधी तुझ्या हातात. डबा वर्तमानपत्रात नाही, रेशमात बांधीन. ऐकलंस? ...मुकादम, हा बोलत नाही!

मुकादम : ओरडा, मावशी! काहीही बोला! फळी हलतेय आता, थोडंच राहिलंय!

आई : काय बोलू? सगळं वाचून झालं. मला काय येतं दुसरं? हां, मधली एक ओळ सुटली होती. ...ए! बारा एप्रिल एकोणीसशे एकसष्ट! माणूस चंद्रावर उतरला! ऐकलंस का? चंद्रावर! तो रशियाचा! गा-गारिन! उतरला आणि तिथे पानाची टपरी टाकली! ...छापलंय इथे, ठळक! हेच लिहिणार मी उद्या फळ्यावर, तुझ्या नावाने! सगळी पोरं वाचतील! चंद्रावर! चंद्रावर, एकसष्ट साली!

मास्तर : ...नाही.

आई : काय नाही?

मास्तर : चंद्रावर... नाही. चंद्र एकोणसत्तर. हा... अवकाशात गेला.

आई : काहीतरीच! इथे चंद्रच आहे. तू चुकतोयस.

मास्तर : नाही चुकत. पहिला माणूस. अवकाशात. एक फेरी मारली पृथ्वीला...

आई : आणि मग? मग काय झालं? सांग की, घुम्या!

मास्तर : मग काय... परत आला.

आई : परत आला? धड?

मास्तर : धड. त्याच दिवशी.

आई : बघ! इथे छापलंय नुसतं, गेला. परत आला, हे मुख्य, तेच छापलं नाही. काय अक्कल आहे लोकांना! पुन्हा सांग, परत कसा आला?

मास्तर : खाली पडता पडता... छत्री उघडली त्याची...

मुकादम : हात! हात लागला, मावशी! पट्टा धरा रे त्याचा! सावकाश, पाय सोडवा आधी! फळी धरून ठेव! ...आहे, श्वास आहे! मावशी, सरका बाजूला, झोळी येऊ द्या!

आई : सरकले. सरकले बाबा. पाय? त्याचा पाय?

मुकादम : आहे. अवस्था डॉक्टर बघतील. पण आहे.

मास्तर : आई... ऊन लागतंय डोळ्यांना.

आई : मग मीट. आता मिटलेस तरी चालेल. नाही, नको, थांब, डॉक्टर येऊ दे.

मास्तर : पेपर कुठाय? दाखव.

आई : आता काय उजेड पाडायचाय पेपर बघून?

मास्तर : दाखव तर. ...हा कोरडा आहे, आई. कुठेच डाग नाही.

आई : वाळला असेल उन्हाने.

मास्तर : तेल वाळतं होय?

आई : आज वाळलं, मेल्या.