जिना इटलीचा म्हणे!

...इटलीचा म्हणे! अहो, कसला इटलीचा? तुम्हाला सांगते, त्या जिन्याची एकेक पायरी आमच्या ह्यांनी घासलीय, गुडघ्यावर बसून, चार महिने! गुडघे गेले ते तेव्हाच गेले. हे म्हणजे शालिग्राम मिस्त्री... घेतलं बघा नाव, पाटीवर कुणी घेत नाही तर मीच घेते!

कसली पाटी? अहो, सुरतेतलं एवढं मोठं दुकान, चार मजली, वर काचेचा घुमट, आत पाय ठेवला की अत्तराचा वास, त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून इतिहासाची पाटी लावलीय. शेठच्या आजोबांनी सायकलवर साड्या विकल्या, लिहिलंय. घुमटाची काच कुठून आणली, लिहिलंय. पितळी कठडा कुणी ओतला, तेही लिहिलंय. आणि जिना? 'इटलीच्या कारागिरांनी घडवला'! इटलीचा म्हणे! उधन्याच्या चाळीतून सायकल मारत जायचे हो हे, डबा मी बांधून द्यायची. इटलीत कळण्याची भाकरी खातात का?

तर पाटी वाचली आणि हे बसले. कुठे? तिसऱ्या पायरीवर, मधोमध! "माझं नाव लागल्याशिवाय उठणार नाही!" मी म्हटलं, "अहो, चारचौघांत शोभतं का?" तर म्हणतात, "चारचौघांनीच बघावं!" मग काय, मीही बसले शेजारी. एकटं कसं सोडणार?

मॅनेजर आला धावत, किरणभाई. "काका, कंई पुरावो छे?" पुरावा! हे ताडकन उठले... म्हणजे मी उठवलं... आणि त्याला नेलं पहिल्या वळणावर. तिथे पांढऱ्या मोझॅकमध्ये हिरवी वेल आहे. सगळी वेल गर्द हिरवी, शेवटची तीन पानं तेवढी पोपटी. "उद्घाटन दुसऱ्या दिवशी, आणि हिरवी खडी संपली! मग घरी गेलो न् हिच्या हातातला चुडा आणला. बघ, तुकडे वळलेले आहेत की नाही? इटलीची काच नाही ती, हिच्या हातातली! विचार तिला!"

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. मीही ठणकावून सांगितलं, "हो! माझ्याच बांगड्या! मी माझ्या हातानं वाढवल्या!"

"वधारी?" किरणभाई लिहून घेतोय. "मासी, केटली वधारी?"

"अरे, वाढवल्या म्हणजे... वाढवल्या!"

"एक डझन? बे डझन?"

हे मागून ओरडतायत, "अगं, फोडल्या म्हण! म्हणजे कळेल त्याला! फोडल्या म्हण!"

आता तुम्हीच सांगा! नवरा समोर ठणठणीत उभा, गुडघे सोडले तर काही दुखत नाही, आणि मी भर दुकानात म्हणू, बांगड्या फोडल्या? जीभ झडेल माझी! सवाष्णीच्या बांगड्या फुटत नाहीत हो, वाढतात! सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून तोंडात बसवलंय. मी म्हटलं, "वाढवल्याच म्हणणार! सत्तर वेळा विचारलं तरी वाढवल्याच!"

"अगं, माझं नाव जातंय!"

"जाऊ दे नाव! तुम्ही राहा!"

परवा नवी पाटी लागली. इटली गेली बरं का! पुसून टाकली! एवढं तरी जिंकलो आम्ही. आता तिथे स्वच्छ गुजरातीत लिहिलंय... 'या जिन्यासाठी उधन्याच्या मीराबाईंनी बांगड्यांचा पुरवठा वाढवून दिला.' मीराबाई म्हणजे मी! झालं? जिना कुणी केला, पत्ताच नाही! काल दोन बायका घर शोधत आल्या, होलसेलमध्ये बांगड्या मिळतील का म्हणून.

हे परवापासून फुगून बसलेत. भिंतीकडे तोंड करून एकच म्हणतात, "एक शब्द बोलली असतीस, तर पाटीवर माझं नाव लागलं असतं."

लागलं असतं की... आधी 'स्वर्गीय' लावून!