कालव्यापलीकडे

अल्तिनाय : तू आधी गप बस आणि नुसतं ऐक. मधे बोलायचं नाही.

जिल्दिझ : चहा तरी ओतू का?

अल्तिनाय : ओत, पण ऐक. गावी आमच्या शेजारी ती बेगाइम राहते ना, तिची आई वारली गं. साइरा आपा.

जिल्दिझ : अगं बाई! त्या येशूवाल्या मायलेकी?

अल्तिनाय : त्याच. तिथंच तर सगळं अडलं. रीतीप्रमाणे अंगणात तंबू उभारला, आपाला आत ठेवलं, आणि माणूसच येईना. एरवी मयताला गाव लोटतं, पुरुष काठीवर रेलून हंबरडा फोडतात. इथं बेगाइमचा काका एकटा काठी धरून उभा! कबर खणायला एक पोरगा उठला नाही.

जिल्दिझ : मेलेल्या बाईशी कसलं भांडण?

अल्तिनाय : गावातले म्हातारे म्हणाले, हिनं धर्म सोडला, आमच्या कबरस्तानात जागा नाही. आणि आपाची तर एकच इच्छा होती, नवऱ्याशेजारी निजायचं. बेगाइमनं शब्द दिला होता तिला.

जिल्दिझ : मग त्या नवऱ्यासाठी कधी कढई तरी चढवायची! दर गुरुवारी सगळ्या बायका कणकेचे तुकडे तळतात, गेलेल्या माणसाला वास पोचतो म्हणून. आपा म्हणे तळायचीच नाही.

अल्तिनाय : नाहीच तळायची. कोपऱ्यात बसून डोळे मिटायची, झालं. गावाला तेच तर खुपायचं. मग मुल्ला आला, गावही त्याच्या मागोमाग दारात येऊन बसलं. वाईट नाही गं तो, त्याचाही चेहरा पडला होता. म्हणाला, पोरी, सगळ्यांसमोर एवढंच म्हण, आई शेवटी परत फिरली होती. मी नमाज पढतो, पोरं फावडी घेऊन निघतील.

जिल्दिझ : एवढंच? मग म्हणून टाकायचं की!

अल्तिनाय : काकापण तेच म्हणाला. टोपी काढून तिच्यापुढं उभा राहिला बिचारा. माझ्या भावाशेजारची जागा रिकामी आहे, म्हणाला, तुझ्या एका वाक्यावर अडलीय.

जिल्दिझ : मग?

अल्तिनाय : ती म्हणाली, जरा थांबा. आणि तंबूत आली. मी होते ना आत, माझ्या आईला चुकवून गेले होते. भिंतीकडे तोंड करून बसली. आपण तसं बसून आक्रोश करतो, हिचे नुसते ओठ हलत होते. हात मांड्यांखाली दाबून धरलेले. मला वाटलं, कोसळणार ही. मग हळूहळू खांदे सैल झाले. हात बाहेर काढले, आईच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि उठली.

जिल्दिझ : काय सांगितलं मग देवानं?

अल्तिनाय : थट्टा नको करूस. विचारलं मी नंतर. म्हणाली, काहीच नाही सांगितलं. मी मागितलंही नाही काही. फक्त म्हणत होते, प्रभू, इथंच बस, उठून जाऊ नकोस.

जिल्दिझ : आणि बाहेर येऊन?

अल्तिनाय : "आई परत फिरली नव्हती. मला खोटं बोलायचं नाही. तरी तिला जागा द्या, एवढी विनवणी आहे." आवाज चढला नाही, फुटला नाही. कुणी शिवीसुद्धा दिली नाही गं. नुसते उठून गेले सगळे.

जिल्दिझ : म्हणजे जागा नाहीच मिळाली.

अल्तिनाय : नाही. कालव्यापलीकडच्या उतारावर खणलं, नुसता दगड तिथं. काका, ती, आणि शहरातून आलेली त्यांच्या प्रार्थनेतली दोन माणसं. बायका कबरीवर जात नाहीत, पण दुसरं होतं कोण? मी कालव्याच्या काठावरून बघत होते. तिथून तिच्या बापाची कबर दिसते. मधे कालवा.

जिल्दिझ : शी! नको सांगूस.

अल्तिनाय : थांब ना. माती लोटून झाली, आणि वारा फिरला. तळणाचा वास! आधी वाटलं, भास. मग दुसऱ्या घराकडून, मग तिसऱ्या. गुरुवार नव्हता, जिल्दिझ. कुणाकडे लग्न नव्हतं. धावत घरी जाऊन बघते, तर दाराला आतून कडी, पडदे ओढलेले, आणि माझी आई कढईपाशी! मला म्हणते, कुठं बोलू नकोस.

जिल्दिझ : पण बेगाइम ते मानतच नाही ना?

अल्तिनाय : नाही मानत. पण वास आला तेव्हा फावड्यावर डोकं टेकून रडली, इतक्या वेळात पहिल्यांदाच. दार मात्र कुणी उघडलं नाही. एकटीच घरी गेली ती.

जिल्दिझ : एकटीच!

अल्तिनाय : चहा निवला तुझा. मघाशी म्हणालीस ना, म्हणून टाकायचं? आता खरं सांग. आत आई निजलेली, दारात गाव, आणि एकच वाक्य. तू काय केलं असतंस?