पालीच्या वर्गातलं पाचवं नाव

आम्ही मूळचे आंजी मोठी गावचे, म्हणजे आजोबा तिथले आणि माझा जन्मही तिथलाच, पण मला कळायला लागलं तेव्हा बाबा वर्ध्याला जिनात कामाला लागले होते, कापसातून सरकी वेगळी काढतात ना, तिथं, आणि आमचं बिऱ्हाड नालवाडीला आलं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर एक बाज. त्या एका बाजेवर मी आणि माझा लहान भाऊ किसन वाढलो. लहान म्हणजे किती, सव्वा वर्षानं. पण मोठा तो मोठाच, नाही का. मी नामदेव, मी मोठा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ऐकता ऐकता तुम्हीही विसराल, सगळेच विसरतात.

किसनला जाऊन तीन महिने झाले. मी सावकाश बोललो तर लिहिताना घाई करू नका. पस्तीस वर्षं तहसील कचेरीत कागद लिहून माझी भाषा अशी पुस्तकी होऊन बसली आहे, पण घरात आणि वस्तीत आम्ही वऱ्हाडीच बोलत होतो, तेव्हा ज्याचं बोलणं जसं आठवेल तसंच सांगीन.

तर किसन हुशार होता. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल, काय सांगू तुम्हाला. मी पुढच्या वर्गात, तो मागच्या वर्गात. मी बाजेवर बसून मोठ्यानं धडा पाठ करायचो आणि तो ओट्याखाली गोट्या खेळत असायचा, आणि मी कुठं अडलो की खालून आवाज यायचा, दादा, पुढं असं आहे. माझाच धडा, माझ्याच तोंडून ऐकलेला, आणि तो मला सांगतोय. माय भाकर थापता थापता हसायची. म्हणायची, पाय वं कसा गंज ध्यान ठेवते माहा पोट्टा. मीही तिचाच पोट्टा होतो, पण ते तिनं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलंही असेल. असं काही आठवत नाही हाच तर मोठ्या भावाच्या या दुखण्याचा स्वभाव.

मॅट्रिकला मी एकदा नापास झालो. माय सगळ्यांना सांगायची, पेपराच्या टायमाले मोठ्याले ताप आलता. ताप आला नव्हता. मला गणित येत नव्हतं. पण मायनं ते इतक्या वेळा सांगितलं की बाबांनाही खरं वाटायला लागलं, आणि किसनला मात्र खरं माहीत होतं, कारण पेपराच्या दिवशी तोच मला सायकलवर डबलसीट घेऊन गेलता. त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. त्यानं चिडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो आणि एकाच दिवशी पास झालो, तो पहिल्या वर्गात आणि मी कसाबसा.

त्याच्या आधीच्या दसऱ्याला, छप्पन सालच्या, आमची सारी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती. घरातले देव गेले, भिंत पांढरी केली, आणि रोज संध्याकाळी निंबाखाली पाली भाषेतली वंदना सुरू झाली. छापील पुस्तिका एकच होती. ती किसनच्या हातात. तो एक ओळ म्हणायचा आणि मागून सगळी वस्ती म्हणायची, बाया, बापे, जिनातून आलेले, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले. माझाही आवाज वाईट नव्हता. उच्चार तर माझे त्याच्यापेक्षा साफ होते, हे मी आजही सांगतो. पण पुस्तिका पहिल्या दिवशी ज्याच्या हातात गेली त्याच्याच हातात राहिली.

एका संध्याकाळी वंदना झाली आणि आमच्या शेजारची ठमा आजी उठता उठता म्हणाली, काऊन रे किसना, मांगच्या मयन्यापासून म्हणून राह्यली मी, हे वेरमणी वेरमणी म्हणते ते कोन बाई होय? झालं, पंचशीलातला शब्द तो, बाईचं नाव नव्हे, बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, म्हातारीही हसायला लागली. तेव्हा डोमाजी काका उभे राहिले. डोमाजी काका म्हणजे बाबांच्या सोबतचे, जिनात गठ्ठे उचलणारे, सहीला अंगठा, पण वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, हासू नका बावा, म्हातारीनं खरं इचारलं. आतापावतर बी आपल्याले न समजनारंच ऐकवलं लोकायनं, आता आपलं सोताचं आहे तं ते तरी समजलं पाह्यजे का नाई? आपल्यातल्या एकानं ही भाषा शिकावं. आणि सगळ्यांचे डोळे किसनकडे गेले. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. माझ्याकडे आलेले डोळे मी मोजले असते तर एकही निघाला नसता.

जूनमध्ये आम्ही दोघं वर्ध्याच्या आर्ट्स कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारे आम्हीच पहिले, आणि तेव्हाचं सांगतो, विषय निवडायचे असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं, शाळेसारखं, जे शिकवतील ते शिकायचं. तिथं कचेरीतल्या बाबूनं एक कागद पुढं केला, इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, संस्कृत, राज्यशास्त्र, कोणते घेता? बाबांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, साहेब, जे चांगलं असन ते द्या. बाबू हसला, पण बरा माणूस होता, म्हणाला, घरी जाऊन विचार करा.

पाली त्या यादीत नव्हतं. किसन थेट प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीत गेला, मी दाराशी उभा. साहेब म्हणाले, पाच मुलांनी विषय लिहून दिला तर मी नागपूरहून शिकवणारे बोलावतो, आठवड्यातून दोन दिवस येतील, चौघांसाठी मला बोलावता येणार नाही. किसननं दोन दिवसांत तिघं शोधले, दोघं आंजीचे आणि एक कारंज्याचा, वसतिगृहात राहणारा. चौथा तो स्वतः. रात्री जेवताना म्हणाला, दादा, एक नाव कमी पडते, तुह्यं लिहू? मी हो म्हटलं. खरं सांगतो, मनापासून हो म्हटलं. मला वाटलं, चला, आता दोघंही शिकू, वस्तीत दोघांचं नाव होईल. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सही करून आलो.

आणि त्याच संध्याकाळी निंबाखाली डोमाजी काकांनी सगळ्यांना सांगितलं, बाप्पा हो, किसन पाली शिकून राह्यला, आन नामदेव बी चालला त्याच्या सोबतीले.

सोबतीले. लहान पोराला परसाकडे जायला सोबत लागते तशी. काकांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तो शब्द माझ्या अंगात शिरला तो निघेना. ठमा आजीनं किसनच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, मायनं त्या दिवशी त्याच्या ताटात आंबाडीची भाजी दोनदा वाढली, आणि मला वाटत राहिलं, मी शिकलो तरी ते त्याचंच होईल, मी मरेस्तोवर पाली शिकलो तरी मी सोबतीलाच राहीन. एवढ्या साऱ्या माणसांत एकानंही विचारलं नाही की नामदेव, तुले काय शिकाचं आहे? विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. तरी विचारायला पाहिजे होतं.

नावं पाठवायचा शेवटचा दिवस शनिवार होता. शुक्रवारी दुपारी किसन बाबांचा डबा घेऊन जिनात गेला आणि मी एकटा कॉलेजात गेलो. बाबूला म्हटलं, माझं पाली काढून टाका, अर्थशास्त्र लिहा. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. म्हणाला, काऊन? तुमचं नाव निघालं तर वर्गच राहत नाही, तुमच्या भावाला सांगितलं काय? मी म्हटलं, सांगितलं. म्हणाला, घरी विचारलं काय? मी म्हटलं, विचारलं, नोकरीचं पाहावं लागते ना साहेब. त्यानं माझ्या नावावर लाल रेघ ओढली आणि शेजारी सही करायला टाक माझ्याच हातात दिला. मी सही केली, चांगली वळणदार केली. बाहेर येऊन नळावर पाणी प्यालो. काय गोड लागलं ते पाणी, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते, पण लागलं.

शनिवारी किसन दुपारी कॉलेजातून आला तेव्हा मी बाजेवर पुस्तक घेऊन बसलो होतो. तो ओट्याच्या कडेला बसला. मग म्हणाला, दादा, नाव कमी पडलं. मी विचारलं, कोणाचं? हो, मी विचारलं, कोणाचं. तो म्हणाला, बाबूनं सांगतलं नाई. आणि पुढं म्हणाला, आता पालीचं तं जमत नाई, म्या बी अर्थशास्त्रच लिहून आलो. तू आहेस ना तिथं.

मी अर्थशास्त्र घेतलं हे मी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. एकालाही नाही. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं, लाल रेघसुद्धा पाहिली असेल, सहीसुद्धा. आणि तो आत जाऊन मायला म्हणाला, वाढ वं, दोघायले बी भूक लागली. संध्याकाळी डोमाजी काकांना त्यानं सांगितलं, नागपुरात शिकवणारा भेटला नाई काका. काका म्हणाले, असू दे बेटा, आपलं नशीब. काका एकदम वाकून गेल्यासारखे दिसले. मी तिथंच होतो. मला त्या वेळी पश्चात्ताप झाला असं तुम्ही लिहाल, तर लिहू नका. मला रागच आला. हुशारीत पुढं होता ते होताच, आता चांगुलपणातही तोच पुढं. माझ्यासाठी खोटं बोलायची परवानगी त्याला कोणी दिली होती?

आणि गंमत पाहा. ज्याच्यापासून सुटायला मी विषय बदलला तो माझ्याच विषयात माझ्याच बाकावर येऊन बसला. चार वर्षं. पुस्तकं इंग्रजीत, मला मागणी आणि पुरवठ्याच्या त्या रेघा कधी कुठं छेदतात ते कळायचं नाही, आणि हा एकदा ऐकायचा आणि मला समजावून सांगायचा, तेही जिनातली उदाहरणं देऊन, की पाय दादा, कापूस जास्त आला का भाव कसा पडते. ज्या विषयात त्याचं मन नव्हतं त्यात तो पहिला आला. ज्या विषयासाठी मी पाप केलं त्यात मी तिसऱ्या वर्गात पास झालो. पुढं तो नागपूरला शिकला, प्राध्यापक झाला, आमच्या वस्तीतली किती पोरं त्याच्या हाताखालून गेली, रविवारी त्याच्या घरी अर्ज लिहून घ्यायला रांग लागायची. मी तहसिलीत कारकून झालो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. वाईट झालं असं नाही. माझी मुलं शिकली, घर झालं. पण कोणी विचारलं, तुम्ही कोण, की लोक माझ्या आधीच सांगायचे, हे किसनसरांचे भाऊ.

पाली तो कधी शिकला नाही. मी वाट पाहिली, आज घेईल पुस्तक, उद्या घेईल. म्हणजे मग माझी सुटका झाली असती. त्यानं घेतलं नाही. विहारात वंदना म्हणताना तो डोळे मिटायचा, आणि मी माझे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहत राहायचो. ठमा आजी वारली, डोमाजी काका वारले, त्यांना ते शब्द कळले नाहीत ते नाहीतच.

आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. साठ वर्षांत एकदाही नाही. शेवटच्या आजारात मी रोज जायचो, पेपर वाचून दाखवायचो. एक दिवस ठरवून गेलो की आज सांगतो. बसलो, आणि तो म्हणाला, दादा, चष्मा पुसून देतो का. मी पुसून दिला. तेवढंच झालं.

त्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मोठा मांडव होता. लांबून लांबून त्याचे विद्यार्थी आलते, एक जण म्हणाला, अर्थशास्त्र सरांच्या रक्तात होतं. मी पुढच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. मग किसनची बायको, सुलोचना, उठली. ती कधी चार माणसांत बोलत नाही. पदर सावरून म्हणाली, हे नेहमी म्हणत, दादानं पहिले अर्थशास्त्र घेतलं म्हणून मी त्याच्या मागं गेलो, दादा नसता तं माह्या हातून काहीच झालं नसतं. आणि तिनं माझ्या खांद्यावर शाल घातली आणि पाया पडली. साऱ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. साऱ्या मांडवाचे डोळे माझ्याकडे, पहिल्यांदा, फक्त माझ्याकडे.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. ध्वनिक्षेपक समोर होता. मी हात जोडले आणि शाल घेतली. काय करू, मला ती पाहिजे होती. तो असं म्हणत होता हे खरं असेल का, की जाता जाता त्यानं माझ्यासाठी आणखी एक खोटं बोलून ठेवलं, हे मला आता कोण सांगणार? आणि खरं असेल तर ते मला जास्त जड जाईल. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतंच आणि मी एकटाच सारं आयुष्य त्याच्याशी शर्यत लावत राहिलो, असं निघेल.

आता सकाळी उठतो, थोडं फिरतो, वाचतो. नातवंडं फोन करतात. सुलोचना दर रविवारी डबा घेऊन येते, दादा, दादा करते, आणि तिच्या हातची भाजी माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. हे लिहून झालं की तिला वाचून दाखवा, माझ्यानं वाचवणार नाही. पण मी समोर बसलेला असतानाच दाखवा. नंतर ती यायची बंद झाली तरी तिला कोणी बोल लावू नका. तिचं बरं होवो, तिच्या लेकरांचं बरं होवो, आणि तुमच्याही घरात दोन भाऊ असतील तर दोघांनाही एकेकट्याला बसवून विचारा, बेटा, तुले काय शिकाचं आहे.