चाकाची सुटी बाजू

विल्फ : हात लावू नकोस. मांडीला हात लावू नकोस, ऑड्री.

ऑड्री : बूट तरी सैल करू द्या, विल्फकाका. पाय बघा कसा बाहेरच्या अंगाला पडलाय.

विल्फ : दिसतोय मला. माझाच आहे. मोडलंय खुब्यात, त्यात बुटाचा काय संबंध? काढलास तर परत चढायचा नाही. भिंतीच्या आडोशाला पडलो हेच नशीब समज.

ऑड्री : पण झालं काय? मी मागेच होते. तुम्ही वळलात आणि एकदम आडवे.

विल्फ : आतलं पायडल दगडावर आपटलं. चाळीस वर्षं सगळ्यांना सांगतोय, फिक्स सायकलवर वळताना आतला दगड बघा. सुटं चाक असतं तर पाय वर धरून निघून गेलो असतो. हिच्यावर पाय धरता येत नाहीत. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. सायकल क्लबातली मंडळी आता वर्षभर दात काढतील.

ऑड्री : क्लबातलं आलंय कोण? सकाळी हवा बघून सगळे घरी बसले. आपण दोघंच शहाणे.

विल्फ : तूच म्हणालीस, बाबांना जाऊन वर्ष झालं, त्यांच्याच सायकलवर ही खिंड चढायची. नाही कसं म्हणणार होतो मी?

ऑड्री : चढायची म्हणाले होते. उतरताना चालायचं ठरलं होतं आपलं.

विल्फ : मी पडायच्या आधी ठरलं होतं ते. किती वाजले?

ऑड्री : अडीच.

विल्फ : या धुक्यात चारला अंधार. मागं फिरलीस तर नऊ मैल उघडा माळ, चिटपाखरू भेटायचं नाही. पुढं उतारानं चार मैलांवर अल्डरसनांचं शेतघर. तिथं फोन आहे, ट्रॅक्टर आहे. चालत दीड तास. सायकलवर अर्धा.

ऑड्री : मी पळत जाते.

विल्फ : या ओल्या दगडांवरून? मग दोघं दोन ठिकाणी पडू. दात ऐकू येतायत ना माझे? वाजतायत तोवर बरं आहे. वाजायचे थांबले की काळजी.

ऑड्री : असं बोलू नका.

विल्फ : मग कसं बोलू?

ऑड्री : हा माझा केप घ्या. अंगाखाली तुमचा घालते, वरून हा.

विल्फ : दे. चाकात अडकण्यापेक्षा इथं बरा.

ऑड्री : म्हणजे सायकलवर जायचं हे तुम्ही ठरवूनच टाकलंत. काका, बाबा याच उतारावर गेले.

विल्फ : हो.

ऑड्री : कुठे? मी कधी विचारलं नाही.

विल्फ : दुसऱ्या फाटकाच्या खाली. डावीकडं घळ आहे तिथं.

ऑड्री : आणि तिथूनच मी जायचं. माझे हात बघा. ब्रेक धरायला बोटं वळत नाहीत.

विल्फ : ब्रेकवर जायचंच नाही, पायांवर जायचं. चढताना कसं वाटलं ते सांग.

ऑड्री : आत्ता?

विल्फ : आत्ताच. आणि खरं सांग, मास्तरीणबाई. वर्गात सांगतेस तसं नको.

ऑड्री : चांगलं वाटलं. दम लागला, पण चांगलं वाटलं. टायर चिखलात कुठे धरतोय, कुठे सुटतोय, ते डोळ्यांच्या आधी पायांना कळत होतं. पाय थकले की चाकच त्यांना वर आणून सोडत होतं. आणि कसला आवाज नाही. मला हे सगळं तुम्हा लोकांचं खूळ वाटायचं. गिअरमध्ये चिखल तुंबतो, थंडीत तारा गोठतात, म्हणून एकच दातेरी चकती बरी, एवढं कळत होतं. पण मुद्दाम डोंगरात न्यायची, ते का, हे आज कळलं.

विल्फ : तर मग उतरतानाही तेच. चाक तुला पुढं ओढणार, तू त्याला पायांनी मागं धरायचं.

ऑड्री : नाही. थांबा. माझ्याकडे बाबांचा पाना आहे. मी चाक उलटं करते.

विल्फ : काय करतेस?

ऑड्री : मागच्या चाकाला दोन बाजू आहेत ना? एकीकडे बांधलेली चकती, दुसरीकडे सुटी. चाक काढायचं, फिरवून बसवायचं, की पाय थांबवता येतात, चारचौघांच्या सायकलसारखे. दोन नट आहेत. पाच मिनिटांचं काम.

विल्फ : नको.

ऑड्री : का नको?

विल्फ : ब्रेक एकच आहे, पुढचा. रिम लोखंडाची, ओली, वर चिखल. रबर धरणारच नाही. सुट्या बाजूवर तुला थांबवायला काही उरत नाही.

ऑड्री : थोडा तरी धरेल. मला ते पायांना जुंपून पळत सुटणारं चाक नकोय. त्यानंच बाबांना फेकलं.

विल्फ : ऑड्री.

ऑड्री : आईसमोर मी कधी बोलले नाही. आता ऐका. अडुसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. तो हा उतार पायांवर धरणार कसा? पाय सुटले आणि पायडलनं उचलून फेकलं. आणि तुम्ही सगळे, सुटं चाक लावणाऱ्याला आजोबा म्हणून हसणारे. तुम्ही मारलंत त्यांना. तुमच्या क्लबानं मारलं.

विल्फ : वर्षभर हे मनात होतं तुझ्या?

ऑड्री : हो.

विल्फ : आणि तरी दर रविवारी येऊन मला सूप देऊन जायचीस.

ऑड्री : त्यांच्याबद्दल बोलायला दुसरं कोण उरलंय मला? हा नट का फिरत नाही?

विल्फ : पाना खाली ठेव.

ऑड्री : बोटं बधिर झालीत नुसती. थांबा, फिरला.

विल्फ : पाना खाली ठेव, पोरी! त्या दिवशी चाक सुट्याच बाजूनं होतं.

ऑड्री : काय म्हणालात?

विल्फ : ऐकलंस तू.

ऑड्री : नाही. सायकल घरी आली तेव्हा चाक बांधलेल्या बाजूनंच होतं. मी स्वतः शेडमध्ये टांगली ती.

विल्फ : मी फिरवलं. त्याला गाडीत घालून नेल्यावर. अल्डरसनांच्या गोठ्यामागं बसून, याच पान्यानं.

ऑड्री : का?

विल्फ : जाऊ दे. कळलं ना चाक कुठल्या बाजूनं होतं? नट आवळ.

ऑड्री : का फिरवलंत, विल्फकाका?

विल्फ : नाताळच्या जेवणाला तू त्याच्याकडून शब्द घेतला होतास. उतार सुट्या चाकावरच उतरायचा. मीही होतो जेवायला. पुढं तीन आठवड्यांनी इथं वर आलो, तर यानं पाना काढला. मी म्हटलं, आज नको, ब्रेक एक आणि दगड ओले, घरी जाऊन मागचा ब्रेक बसवून घे. तर म्हणाला, 'घरी गेल्यावर ऑड्री विचारणार, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही.' आणि फिरवलं.

ऑड्री : तुम्ही अडवलं नाहीत.

विल्फ : अडवलं. पुरेसं नाही अडवलं. मी पुढं निघालो होतो. बांधलेल्या चाकाला आवाज नसतो, सुटं टकटक करतं. मागून ती टकटक आली. आधी सावकाश. मग जवळ जवळ. मग कापड फाडल्यासारखा एकच आवाज. तो ओरडला, 'विल्फ, बाजूला हो!' मी झालो. बस.

ऑड्री : घाबरले होते?

विल्फ : हो. तुला खोटं सांगणार नाही. घाबरला होता, तरी मला बाजूला हो म्हणाला.

ऑड्री : मी हट्टानं घेतला होता तो शब्द. आईला स्वयंपाकघरात म्हटलं, बघ, शेवटी ऐकायला लावलं की नाही.

विल्फ : काळजीनं म्हणालीस. मी हे कोणाला सांगणार नव्हतो, कधीच. पण तुला त्याच चाकावर बसवून खाली कसं पाठवू?

ऑड्री : मला जरा बसू द्या.

विल्फ : मग बस. मिनिटभर बस, आणि नट आवळ. रडायचं ते नंतर, पोरी. मला खरंच गारठायला लागलंय.

ऑड्री : आवळला.

विल्फ : दुसरा?

ऑड्री : दोन्ही.

विल्फ : चेन बोटानं हलवून बघ. अर्धा इंच. जास्त सैल असली तर उतरेल, आणि ती उतरली तर पायांत काही राहणार नाही.

ऑड्री : अर्धाच इंच आहे.

विल्फ : पायडलवरचे पायाचे पट्टे घट्ट. आता ऐक. वेग आला की धरू, असं नाही. येऊच द्यायचा नाही. पहिल्या फेऱ्यापासून मागं रेटायचं. सीटवरून जरा उठून. पाय थांबवावेसे वाटतील, थांबवायचे नाहीत. घळीकडं बघायचं नाही, बघशील तिकडं जाशील. हाताबाहेर गेलीच तर उजवीकडं, चढाच्या अंगाला, झुडपांत घाल. खरचटेल, मरणार नाहीस.

ऑड्री : आणि दगड?

विल्फ : वळताना हळू. माझ्याकडं बघून शीक.

ऑड्री : हसवू नका. मी काही मजेत निघालेले नाही.

विल्फ : मीही तुझ्या वाटेकडं डोळे लावून इथं मजेत नाही पडलेलो. जा.

ऑड्री : झोपायचं नाही हं. काही झालं तरी झोपायचं नाही. शब्द द्या. नको, नको. शब्द नका देऊ. फक्त झोपू नका.

विल्फ : बरं. निघ.

(अल्डरसनांचं शेतघर. दारावर थापा.)

एडना : आले, आले, दार मोडशील! अगं बाई, गुडघा बघ तुझा. रक्त बुटात चाललंय.

ऑड्री : फोन करा. वर माणूस पडलाय. पहिल्या फाटकाच्या वर, भिंतीशी. खुबा मोडलाय, म्हातारे आहेत, गारठलेत.

एडना : कोण माणूस?

ऑड्री : विल्फ हार्डकासल.

एडना : तो होय! थांब. ...लागला फोन. हां, अल्डरसनांच्या घरून बोलतेय. खिंडीत माणूस पडलाय, खुबा मोडलाय. हो, तिथवर गाडी येत नाही, माहीत आहे मला, इथंच जन्म गेला. तुम्ही माझ्या अंगणात या, तोवर मी त्याला खाली आणते. ठेवते. तू चालत आलीस?

ऑड्री : सायकलवर. किती वाजले?

एडना : सव्वातीन होऊन गेले. या उतारावरून सायकलवर?

ऑड्री : मला वाटलं चार वाजून गेले. सारखं वाटत होतं, उशीर झाला. दुसऱ्या फाटकाखाली पाय सुटले, तेव्हा झुडपांत घातली. परत बसताना बधिर बोटांनी पट्टा लागेना. पण तिथून पुढे नाही सोडली.

एडना : खुर्चीवर बस आधी.

ऑड्री : बसत नाही. मी येते तुमच्याबरोबर.

एडना : मग नवऱ्याचा कोट घाल तो. पेंढा घेतलाय मागं, चार पोती, घोंगड्या. बघू तोंड इकडं. तू क्लिफर्डची ना? नाक त्याचंच. गेल्या वर्षी माझ्या गोठ्यातच आणून ठेवला होता त्याला. रागावू नकोस, पण आज मी त्या विल्फसाठी ट्रॅक्टर काढतेय तो माणुसकी म्हणून. तुझ्या बापाला त्या वयात बांधलेल्या चाकावर त्यानंच बसवलं. सगळं खोरं म्हणतं. मी दुकानात त्याच्याशी बोलत नाही.

ऑड्री : बोलत चला.

एडना : का बरं?

ऑड्री : त्या दिवशी चाक सुटं होतं. मी करायला लावलं होतं.

एडना : तू?

ऑड्री : मी. त्यांनी हे कोणाला कळू दिलं नाही. मलाही नाही. आज मी तेच करायला निघाले, तेव्हा सांगितलं.

एडना : चढ. डावीकडचा दांडा धर, उजवा सैल आहे.

*

एडना : फाटक गेलं मागं. आता भिंत कुठली? धुक्यात सगळ्या सारख्याच.

ऑड्री : इथेच. नाही, अजून थोडं वर. मला नीट सांगता येत नाही. इंजिन बंद करा ना.

एडना : केलं. हाक मार.

ऑड्री : विल्फकाका!

एडना : वारा उलटा आहे. तोंड फिरव, मग मार.

ऑड्री : विल्फकाका! ...काहीच नाही. मी तिथे वर फार वेळ घालवला. भांडत बसले.

एडना : ते नंतर. पुन्हा मार.

ऑड्री : विल्फकाका!

विल्फ : अगं, एवढं काय ओरडतेस? मेंढ्या बिथरतील.